रँग्लर परांजपे आणि गणिताच्या नियतकालिकाचे पुण्यातील घर

मुंबई-गोवा महामार्गावर खेड मागे पडते आणि परशुराम घाट लागण्यापूर्वी लोटे येते. एकेकाळी परशुरामाच्या देवस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवरचे एक गाव एवढीच त्याची ओळख होती. आज लोटे-परशुराम म्हटले की औद्योगिक वसाहत आणि तेथील रसायनांचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. या कारखान्यांतून जी प्रक्रिया रोज टनावारी माल तयार करते, ती कधीतरी जगातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत प्रथम घडलेली असते आणि एखाद्या संशोधनपत्रिकेच्या पानावर प्रथम छापली गेलेली असते. विज्ञानाचा माल बाजारात दिसतो, पण ज्या नियतकालिकांतून विज्ञान पुढे सरकते ती नियतकालिके ग्रंथालयांच्या कपाटांत राहतात. सामान्य वाचकाला त्यांची नावेही ठाऊक नसतात.

रत्नागिरी जिल्ह्याच्या याच उत्तर भागात, खेडला लागून असलेल्या दापोली तालुक्यात, मुर्डी हे छोटे गाव आहे. भारतातील गणिताच्या पहिल्या महत्त्वाच्या संशोधनपत्रिकेच्या जन्मकथेत या गावच्या एका मुलाचा मोठा वाटा आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्याचे नाव. महाराष्ट्र त्यांना रँग्लर परांजपे म्हणून ओळखतो. केंब्रिजच्या परीक्षेत पहिला आलेला पहिला भारतीय, फर्गसन महाविद्यालयाचे प्राचार्य, मंत्री, कुलगुरू, बुद्धिवादी विचारवंत अशा त्यांच्या अनेक ओळखी सांगितल्या जातात. गणिताच्या एका नियतकालिकाला आणि त्याच्या ग्रंथालयाला आपल्या महाविद्यालयात घर देणारा माणूस ही ओळख मात्र मागे पडली आहे.

१६ फेब्रुवारी १८७६ रोजी मुर्डी येथे परांजपे यांचा जन्म झाला. त्या काळच्या कोकणात हुशार मुलाने मोठे व्हायचे तर घाट चढून जावे लागे किंवा बोटीने मुंबई गाठावी लागे. या मुलाला मार्ग दाखवणारे घरातच होते. महर्षी धोंडो केशव कर्वे हे परांजप्यांच्या जवळच्या नात्यातले. कर्वे यांचा जन्म १८५८ मध्ये ज्या शेरवली गावी झाला ते खेड तालुक्यातले, म्हणजे लोट्याच्याच तालुक्यातले. परीक्षा ही कोकणातल्या गरीब मुलाच्या आयुष्यात काय वस्तू असते हे कर्वे यांना चांगले ठाऊक होते. पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेसाठी ते लहानपणी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी चालत गेले होते आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नव्हते. तेच कर्वे पुढे गणित शिकवू लागले. दापोलीकडचे शिक्षण संपवून रघुनाथ मुंबईला आला तेव्हा त्याच्या शिक्षणाची काळजी कर्वे यांनी घेतली.

१८९१ मध्ये कर्वे पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयात त्यांच्या आधी लोकमान्य टिळकांनी गणित शिकवले होते, तर गोपाळ कृष्ण गोखले यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालत होते. पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील या धुरंधरांचा गणिताशी असा जवळचा संबंध होता. परांजपेही याच फर्गसनमध्ये शिकले. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत त्यांनी लौकिक मिळवला, त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९६ मध्ये ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

केंब्रिजची गणिताची परीक्षा ट्रायपॉस या नावाने ओळखली जाते. तीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्याला रँग्लर म्हणत आणि त्या काळी सर्व रँग्लरांची गुणानुक्रमे यादी जाहीर होई. यादीतला पहिला तो सीनियर रँग्लर. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून येई आणि त्याच्या गावी सत्कार होत. १८९९ च्या यादीत पहिल्या स्थानावर बर्टविसल या विद्यार्थ्याबरोबर परांजप्यांचे नाव झळकले. आनंदमोहन बोस हे १८७४ मध्येच रँग्लर झाले होते, परंतु सीनियर रँग्लर होणारे परांजपे हे पहिलेच भारतीय. भारतीयांना शास्त्रीय विषय झेपत नाहीत, असे राज्यकर्ते उघड म्हणत असत तो हा काळ. अशा वेळी मुर्डीच्या मुलाने साम्राज्याच्या सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या परीक्षेत पहिले यावे, याचा आनंद देशभर साजरा झाला. रँग्लर हा शब्द मराठी घरांत रूढ झाला तो या घटनेपासून.

या परीक्षेला एक दुसरी बाजूही होती. ठरलेल्या वेळात ठरलेल्या प्रकारचे अवघड प्रश्न झपाट्याने सोडवणे हा तिचा गाभा होता. त्यासाठी खासगी शिक्षक वर्षानुवर्षे तयारी करून घेत. पहिला येणारा पुढे मोठा गणिती होईलच याची मात्र खात्री नसे. केल्व्हिन आणि मॅक्सवेल या विज्ञानातील दोन्ही थोर पुरुषांचा आपापल्या वर्षी दुसरा क्रमांक आला होता. उत्तर आधीच कोणाला तरी ठाऊक असलेला प्रश्न सोडवणे आणि ज्याचे उत्तर जगात कोणालाच ठाऊक नाही असा प्रश्न विचारणे, या दोन भिन्न कसोट्या आहेत. परांजपे पहिल्या कसोटीत सर्वोच्च स्थानी होते. पॅरिस आणि गॉटिंगेन येथे काही काळ अभ्यास करून त्यांनी दुसऱ्या कसोटीचे जगही जवळून पाहिले. युरोपातील विद्यापीठांत नवे गणित कसे घडते, ते नियतकालिकांतून कसे छापले जाते, एकाच्या लेखाला दुसरा कसे उत्तर देतो, हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

१९०२ मध्ये ते परतले. सरकारी शिक्षण खात्यातील मोठ्या पगाराची जागा त्यांना सहज मिळाली असती. ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. या सदस्यांचे वेतन दरमहा ७५ रुपयांच्या घरात असे. विशी ओलांडून फार वर्षे झाली नव्हती अशा वयात ते फर्गसनचे प्राचार्य झाले आणि जवळजवळ दोन दशके त्या पदावर राहिले. महाविद्यालयाचा कारभार, वर्ग, वसतिगृह, निधी, विद्यापीठाच्या सभा यांत त्यांचे दिवस जाऊ लागले. स्वतःच्या संशोधनासाठी लागणारी निवांत वर्षे त्यांच्या वाट्याला आली नाहीत. नवे सिद्धांत त्यांच्या नावावर फारसे नाहीत आणि त्यांचा लौकिक कधीच त्यावर उभा नव्हता.

संशोधन न होण्याचे कारण केवळ वेळेचा अभाव हे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील गणिताचा अध्यापक अत्यंत एकाकी होता. एखाद्या जिल्ह्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात तो एकटाच गणित जाणणारा असे. युरोपातील नियतकालिके महाग होती. एखादे पुस्तक मागवायचे तर महिने लागत. आपल्याला सुचलेली गोष्ट नवी आहे की पन्नास वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये सिद्ध झालेली आहे, हे कळण्याचा मार्गच नव्हता. एखादा प्रमेय सुचला तरी तो छापायचा कोठे, हा पुढचा प्रश्न होता.

हा एकाकीपणा मोडण्याचा विचार प्रथम एका सरकारी अधिकाऱ्याच्या मनात आला. मद्रास इलाख्यात उपजिल्हाधिकारी असलेले व्ही. रामस्वामी अय्यर हे गणिताचे वेडे होते. १९०६ च्या डिसेंबरात त्यांनी गुत्ती येथून देशातल्या गणितप्रेमींना पत्रे लिहिली. सर्वांनी वर्गणी काढावी, त्यातून गणिताची उत्तम नियतकालिके व ग्रंथ मागवावेत आणि सभासदांनी ते आळीपाळीने वाचावेत, असा साधा प्रस्ताव होता. प्रतिसाद मिळाला आणि एप्रिल १९०७ मध्ये वीस-एक सभासदांची संस्था उभी राहिली. आरंभी तिचे नाव अ‍ॅनॅलिटिक क्लब असे होते. नंतर ती इंडियन मॅथेमॅटिकल क्लब आणि अखेरीस इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली.

या संस्थेचे मुख्यालय आणि ग्रंथालय पुण्यात, परांजपे प्राचार्य असलेल्या फर्गसन महाविद्यालयात आले. पुढारी मद्रासचे, बहुतेक उत्साही सभासद दक्षिणेतले आणि पुस्तके मात्र पुण्यात, ही रचना आज चमत्कारिक वाटेल. तिच्यामागे व्यवहार होता. संस्थेला स्वतःची इमारत नव्हती आणि पैसाही नव्हता. तिला हवी होती एक भरवशाची जागा, पुस्तके सांभाळणारे हात आणि ज्याच्या नावावर देशभरच्या गणितज्ञांचा विश्वास बसेल असा माणूस. देशातील सर्वांत प्रसिद्ध गणिती तेव्हा फर्गसनच्या टेकडीच्या पायथ्याशी राहत होता. युरोपातून आलेली नियतकालिके पुण्यात उतरत आणि तेथून टपालाने सभासदांकडे जात. कुंभकोणमच्या किंवा भावनगरच्या अध्यापकाला घरबसल्या युरोपचे ताजे गणित वाचायला मिळण्याची सोय अशी झाली.

१९०९ मध्ये संस्थेने स्वतःचे नियतकालिक सुरू केले. पुढे ते जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी या नावाने ओळखले गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजचे एम. टी. नारायण अय्यंगार त्याचे संपादक होते. छापखाना मद्रासला, संपादक बंगळूरला आणि ग्रंथालय पुण्याला, अशा तीन गावांत त्याचा संसार होता. योगायोग असा, की ज्या गुणानुक्रमाच्या यादीने परांजप्यांना कीर्ती दिली ती यादी केंब्रिजने याच १९०९ साली शेवटची जाहीर केली. त्यानंतर सीनियर रँग्लर ही पदवी कोणाला मिळाली नाही. ती प्रथा बंद व्हावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत जी. एच. हार्डी हे तरुण गणिती होते. स्पर्धेच्या परीक्षेमुळे इंग्लंडमध्ये खऱ्या गणिताची वाढ खुंटली, असे त्यांचे ठाम मत होते. लवकरच या हार्डींचे नाव भारतीय गणिताशी कायमचे जोडले जाणार होते.

आरंभीच्या अंकांवर परीक्षेच्या संस्कृतीची छाया स्पष्ट होती. सभासदांनी प्रश्न पाठवायचे आणि इतरांनी ते सोडवून धाडायचे, हा त्यातील आवडता विभाग होता. कोडी, भूमितीतल्या सुंदर रचना, जुन्या प्रमेयांच्या नव्या सिद्धता यांनी पाने भरत. पण ही पाने एका तरुणाची वाट पाहत होती असेच म्हणावे लागेल.

१९१० मध्ये श्रीनिवास रामानुजन नावाचा तरुण कारकुनाच्या नोकरीसाठी रामस्वामी अय्यरांच्या दारी गेला. गणिताखेरीज इतर विषयांत लक्ष नसल्याने तो महाविद्यालयाच्या परीक्षांत पुन्हा पुन्हा नापास झाला होता. त्याची शिष्यवृत्ती गेली होती आणि हातात पदवी नव्हती. त्याच्याजवळ फक्त सूत्रांनी भरलेल्या वह्या होत्या. अय्यरांनी त्या चाळल्या आणि अशा माणसाला कचेरीत अडकवणे योग्य नाही हे ओळखून त्याला ओळखीचे पत्र देऊन मद्रासला पाठवले. संस्थेशी संबंधित असलेले आर. रामचंद्र राव यांनी त्याच्या चरितार्थाची सोय केली. पुढे मद्रास बंदराच्या कचेरीत त्याला नोकरी मिळाली तेव्हा तेथील वरिष्ठ अधिकारी नारायण अय्यर हेही संस्थेचे कोषाध्यक्ष निघाले. गणितप्रेमींच्या एका लहानशा संघटनेने एका बेकार तरुणाभोवती असे कडे केले होते.

१९११ च्या जर्नलमध्ये रामानुजनचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बर्नूली संख्यांच्या गुणधर्मांवरचा तो लेख होता. रामानुजनची लिहिण्याची पद्धत विलक्षण त्रोटक होती. सिद्धतेच्या पायऱ्या तो गाळून टाकी. संपादक अय्यंगार यांनी तो लेख पुन्हा पुन्हा परत पाठवून वाचकांना समजेल असा करून घेतला. त्याच वर्षी रामानुजनने प्रश्नांच्या विभागात एक प्रश्न टाकला. वर्गमुळाच्या आत वर्गमूळ, त्याच्या आत पुन्हा वर्गमूळ, अशी अनंतापर्यंत जाणारी एक राशी देऊन तिची किंमत त्याने विचारली होती. तीन अंक निघाले, सहा महिने लोटले, पण एकाही सभासदाचे उत्तर आले नाही. अखेर त्यानेच ते दिले. त्या अक्राळविक्राळ राशीची किंमत केवळ ३ होती. पुढच्या काही वर्षांत त्याने या पानांवर पन्नासहून अधिक प्रश्न मांडले.

जानेवारी १९१३ मध्ये रामानुजनने हार्डींना पत्र लिहिले तेव्हा तो अगदीच अनोळखी हौशी नव्हता. आपल्या देशातल्या एका नियतकालिकात त्याचे काम छापून आलेले होते. १९१४ मध्ये तो केंब्रिजला गेला, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि १९२० मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मरण पावला. त्याची कथा साऱ्या जगाला ठाऊक आहे. ज्या संस्थेने त्याला प्रथम छापले, तिची पुस्तके पुण्यात ठेवलेली होती हे मात्र पुण्यातही थोड्यांनाच ठाऊक असते. परीक्षेत जगात पहिला आलेला एक गणिती ज्या संस्थेचे घर सांभाळत होता, त्याच संस्थेने परीक्षेत नापास झालेल्या दुसऱ्या गणित्याला जगासमोर आणले. भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील ही एक मोठी घटना आहे.

जर्नलचे पुढचे आयुष्यही समृद्ध होते. १९२७ नंतर आर. वैद्यनाथस्वामी यांच्या संपादनाखाली त्याचा कल अधिकाधिक शुद्ध संशोधनाकडे झुकला. चौथ्या दशकात संस्थेने द मॅथेमॅटिक्स स्टुडंट हे दुसरे नियतकालिक काढले. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या उपयोगाचे लेखन तिकडे गेले आणि मूळ जर्नल संशोधनासाठी मोकळे झाले. प्रश्नोत्तरांच्या वहीपासून सुरुवात करून संशोधनपत्रिकेपर्यंत झालेला हा प्रवास म्हणजे भारतातील गणिताच्या प्रौढ होण्याचाच प्रवास होता.

फर्गसनशी असलेला धागाही तुटला नाही. गोव्यात १९०७ मध्ये, म्हणजे संस्थेच्याच जन्मवर्षी, जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९३० नंतरच्या दशकात फर्गसनमध्ये गणित शिकवू लागले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून अधिक ओळखतो. १९४३ च्या जर्नलमध्ये त्यांनी यदृच्छेने बदलत जाणाऱ्या राशींचे सुटसुटीत घटकांत विभाजन कसे करावे याविषयी एक लेख लिहिला. काही वर्षांनी फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हीच गोष्ट मांडली आणि दीर्घकाळ त्या सिद्धांताला त्या दोघांचीच नावे होती. आता त्यांच्या आधी कोसंबींचे नाव घेतले जाते. चित्रांची माहिती कमी जागेत साठवणे, चेहरे ओळखणे, गोंगाटातून संदेश वेगळा काढणे अशा कामांत हे गणित उपयोगी पडते. कोसंबींचा अग्रक्रम सिद्ध होतो तो त्या अंकावर छापलेल्या सालामुळे. संशोधनपत्रिकेचे हेही एक काम असते. कोणी काय प्रथम सांगितले याची ती नोंदवही असते.

परांजपे मात्र तोपर्यंत गणितापासून दूर गेले होते. गोखल्यांच्या नेमस्त परंपरेतले ते राजकारणी झाले. त्यांच्या प्राचार्यपदाचा काळ वादांपासून मुक्त नव्हता. १९०५ मध्ये विदेशी कापडांच्या होळीनंतर विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दंड करून वसतिगृहातून काढण्यात आले तेव्हा प्राचार्य परांजपेच होते. ही कारवाई पुण्यातल्या जहालांनी त्यांना कधी माफ केली नाही. १९२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. पुढे ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते. अगदी उतारवयात, १९५६ मध्ये, पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांच्याकडे आले.

देवधर्माबाबत त्यांची मते परखड होती. जे सिद्ध करता येत नाही ते मानायचे नाही, हा गणित्याचा नियम त्यांनी घरात आणि समाजातही लावला आणि बुद्धिवादी चळवळीला आपले नाव दिले. त्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनीही केंब्रिजला गणिताचेच शिक्षण घेतले आणि पुढे संततिनियमनाच्या कार्याला वाहून घेतले. चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या नात. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी एटीफोर नॉट आउट असे क्रिकेटच्या भाषेतले मिश्कील नाव दिले. ६ मे १९६६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वीच, १९५० च्या सुमारास, सोसायटीचे मुख्यालय पुण्याहून हलले होते आणि ग्रंथसंग्रह मद्रासच्या रामानुजन इन्स्टिट्यूटकडे गेला होता. रामानुजनच्या नावाच्या संस्थेत त्या पुस्तकांनी जावे हे उचितच होते. जर्नल आजही प्रसिद्ध होते आणि त्याने शतक कधीच ओलांडले आहे.

परांजप्यांचे चरित्र लिहिताना केंब्रिजच्या यादीतील पहिल्या क्रमांकापाशी थांबण्याचा मोह होतो. त्या यशाने एका पारतंत्र्यातील समाजाला आत्मविश्वास दिला, हे खरेच आहे. मात्र क्रमांक हा एका माणसाचा असतो आणि तो त्याच्याबरोबर संपतो. कपाटे, वर्गणीची खाती, टपालाने गावोगाव फिरणारे अंक आणि अनोळखी तरुणाचा लेख छापण्याची तयारी यांनी जे उभे राहिले, ते पिढ्यानुपिढ्या इतरांच्या कामी आले. लोट्याच्या वसाहतीत आज कोकणातली शिकलेली मुले यंत्रांपुढे आणि परीक्षानळ्यांपुढे उभी असतात. त्यांच्यातल्या एखाद्याला कधी असा प्रश्न पडेल की ज्याचे उत्तर कोणत्याच पुस्तकात नाही. त्या वेळी त्याला आधीच्यांनी काय शोधले ते वाचण्याची सोय लागेल आणि त्याचे म्हणणे नीट वाचून छापणारा कोणीतरी लागेल. तालुक्याच्या सीमेपलीकडच्या मुर्डीचा मुलगा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात नेमक्या याच सोयीच्या मागे उभा राहिला होता.